एकाची जर्सी, आठांचे पाय

जम्बो हे नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केट चेनचं नाव, विस्मा ही नॉर्वेची सॉफ्टवेअर कंपनी, आणि ह्या दोघांचं नाव छातीवर लावलेल्या पिवळ्या-काळ्या जर्सीतल्या सायकल रेसवाल्या पोरांनी जुलै महिन्यात आमच्या घरचा टीव्ही ताब्यात घेतला त्याला आता बरीच वर्षं झाली. फ्रान्समध्ये संध्याकाळी साडेपाचच्या आसपास स्टेज, म्हणजे त्या दिवसाची रेस, संपते, तेव्हा आपल्याकडे नऊ वाजलेले असतात, म्हणजे नेमकी जेवणाची वेळ आणि सिरियलचीही. आईचा प्रश्न दरवर्षी ठरलेला, "एवढे सगळे एकत्रच तर चाललेत, ह्यात रेस कुठाय?"

प्रश्न खरं तर अगदी बरोबर आहे, कारण टूर द फ्रान्स एकटा माणूस जिंकत नाही पण ट्रॉफी एकट्यालाच मिळते, आणि हे समजायला मलाही वेळ लागला. आठ जणांची टीम, 21 स्टेज, तीन आठवडे, आणि सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज करून ज्याची सगळ्यात कमी तो जिंकला. त्यासाठी एक लीडर ठरतो आणि बाकीचे सात त्याच्यासाठी राबतात, त्यांना डोमेस्टिक म्हणतात. मागे टीमच्या गाडीपर्यंत जाऊन जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबून परत पुढे जायचं, लीडरची सायकल पंक्चर झाली तर स्वतःचं चाक काढून द्यायचं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या पुढे राहून वारा खायचा. सपाट रस्त्यावर चाळीसच्या स्पीडने जाताना पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं तर तीसेक टक्के तरी ताकद वाचते. आमच्या रविवारच्या राइडला सासवडच्या बाजूच्या सपाटीवर जो मागे लपून मजेत गप्पा मारत येतो, तोच बोपदेव घाटात पार उघडा पडतो, कारण चढावर स्पीड उतरला की वारा वाचवण्याचा फायदाही उतरतो. सगळ्या रेसचं गणित एवढंच आहे, कुणाला कुठपर्यंत लपवून न्यायचं आणि कुठे उघडं पाडायचं.

आता ह्या टीमची गोष्ट. तिचं आधीचं नाव राबोबँक, डच बँक, नारिंगी-निळी जर्सी, पैसा भरपूर. 2007 ला त्यांचा मायकेल रासमुसेन टूरमध्ये पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यात पुढे होता, टूर जवळजवळ खिशात, आणि टीमनेच त्याला मधूनच घरी पाठवलं, कारण डोप टेस्ट करणाऱ्यांना आपण कुठे आहोत हे त्याने खोटं सांगितलं होतं. मग 2012 च्या ऑक्टोबरमध्ये लान्स आर्मस्ट्राँग ह्या सायकलपटूचं डोपिंगचं प्रकरण फुटलं, आणि बँकेने सरळ सांगितलं की हा खेळ स्वच्छ होईल असा आमचा विश्वास राहिलेला नाही, आमचं नाव काढून टाका. पुढच्या वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टचे पैसे दिले, नाव दिलं नाही. म्हणून 2013 ला ही टीम ब्लँको ह्या नावाने रेस करत होती, ब्लँको म्हणजे कोरी, छातीवर दाखवायला कुणीच नाही. मग बेल्किन आली नि दीड वर्षात गेली, मग डच लॉटरी आणि जम्बो, आणि 2019 ला जम्बो-विस्मा.

हे मुद्दाम सांगतोय, कारण ह्या खेळात टीमकडे स्वतःचं असं काही नसतं. स्टेडियम नाही, तिकीट नाही, टीव्हीच्या हक्काचा पैसा रेस भरवणाऱ्यांकडे जातो. टूर जिंकणाऱ्याला पाच लाख युरो मिळतात आणि रिवाज असा की ते तो टीममध्ये वाटून टाकतो. म्हणजे टीम जगते ती स्पॉन्सरच्या मर्जीवर, आणि स्पॉन्सरला पाहिजे असतो जुलै. बाकीच्या अकरा महिन्यांत काय जिंकलात ते ठीक आहे हो, जुलैमध्ये काय केलंत? आयपीएल सोडून रणजीत कितीही रन काढा, तसलाच प्रकार. त्यामुळे रिचर्ड प्लुगे नावाचा मॅनेजर, जो मुळात पत्रकार होता, त्याने ह्या हातातोंडाशी गाठ असलेल्या टीमला टूर जिंकायला लावायचं असं ठरवलं तेव्हा लोकांना ते जरा जास्तच वाटलं असणार. तोवर त्यांच्याकडे दाखवायला काय होतं, तर स्टीव्हन क्राउस्वाइक. 2016 च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या टूरमध्ये, गुलाबी जर्सी (तिथली पिवळी) घातलेला हा गडी कोल देल्ल'अन्येल्लोच्या उतारावर बर्फाच्या भिंतीत घुसला आणि सायकलसकट उलटा झाला, इटली जिंकता जिंकता चौथा आला.

आणि मग प्रिमोझ रोग्लिच. स्लोव्हेनियाचा, आधी स्की जंपर, ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन टीममध्ये होता, उडण्यातून बाहेर पडला आणि सायकलवर आला. 2019 ला त्याने वुएल्टा, म्हणजे स्पेनची टूर, जिंकली, जिरोत तिसरा आला, त्याच वर्षी क्राउस्वाइक टूरमध्ये तिसरा. म्हणजे मोठ्या तिन्ही रेसमध्ये पोडियम, पहिल्या तिघांत जागा, टीम आता खरंच दारात उभी होती.

2020 ची टूर कोविडमुळे ऑगस्टच्या शेवटी सुरू झाली. जम्बोने त्या वर्षी जे केलं ते आधी स्काय नावाची ब्रिटिश टीम करायची, म्हणजे घाटात आपली सगळी माणसं एका ओळीत पुढे लावायची आणि इतक्या स्पीडने खेचत न्यायचं की कुणाला अटॅक करायची हिंमतच होऊ नये. पुढे व्हान आर्ट, मग कुस, मग ड्युमुलँ, आणि त्यांच्या मागे आरामात रोग्लिच. अकरा दिवस पिवळी जर्सी. सगळे म्हणत होते काय टीम आहे, काय कंट्रोल आहे, मीही म्हणत होतो. पण ह्या ओळीत रोग्लिचच्या मागच्या चाकाला रोज एक एकवीस वर्षांचा पोरगा चिकटून बसलेला असायचा, तादेय पोगाचार, हाही स्लोव्हेनियाचाच. त्याच्या स्वतःच्या टीममधले दोघे गळालेले, मदतीला जवळजवळ कुणी नाही, आणि त्याला मदतीची गरजही नव्हती, कारण जम्बोचे आठ पाय-जोड फुकटात त्याच्यासाठीसुद्धा वारा खात होते.

शेवटच्या आदल्या दिवशी टाइम ट्रायल, लूर गावापासून ला प्लाँश दे बेल फीयच्या डोंगरावर, 36.2 किलोमीटर. टाइम ट्रायलमध्ये टीम नसते, प्रत्येक जण एकटा घड्याळाशी लढतो. रोग्लिचकडे 57 सेकंदांची आघाडी होती. अर्ध्या तासात ती विरघळताना दिसत होती, स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा कमी होत होत शून्यावर आला आणि मग उलट्या बाजूला वाढायला लागला. रोग्लिचचं हेल्मेट सरकून कपाळाच्या वर गेलेलं, वाकडं, तोंड पांढरं पडलेलं, आणि वर रेषेच्या पलीकडे ड्युमुलँ आणि व्हान आर्ट खुर्च्यांवर बसून स्क्रीनकडे बघतायत. ड्युमुलँ त्या स्टेजमध्ये दुसरा आला, म्हणजे माणसांमध्ये पहिला म्हणा, आणि पोगाचारने त्याच्यापेक्षाही 1 मिनिट 21 सेकंद कमी घेतले. रोग्लिच रेषेवर आला, रस्त्यावर बसला, पाय पसरून. मग थोड्या वेळाने उठून पोगाचारला मिठी मारायला गेला. टूर 59 सेकंदांनी गेली.

त्या रात्री बऱ्याच लोकांना रोग्लिचची कीव आली, हेल्मेटचे मीम आले, मला मात्र खरा इंटरेस्ट पुढे काय झालं त्यात आहे. एक तर हा माणूस दोन आठवड्यांत लीज ही बेल्जियममधली एक दिवसाची मोठी रेस जिंकला, पुढे वुएल्टाही जिंकला, म्हणजे तो मोडला वगैरे काही नाही. दुसरं म्हणजे टीम विचार करायला बसली. आपण रेस अशी चालवतोय की आपली सगळी मेहनत वाया जाते आणि शेवटी एकास एक लढत होते, आणि एकास एक लढतीत त्या पोराला हरवायला आपल्याकडे कुणी नाही. मग लढत एकास एक होऊच द्यायची नाही. ही कल्पना ऐकायला सोपी आहे पण त्यासाठी लीडर एक नाही, दोन लागतात, आणि दोघांनाही मनापासून मान्य असायला लागतं की आज कदाचित माझा बळी जाईल.

दुसरा लीडर त्यांना अपघाताने सापडला. 2021 च्या जानेवारीत ड्युमुलँ म्हणाला मला आता हे झेपत नाही, मी थांबतो, आणि टूरच्या टीममध्ये त्याच्या जागी आला योनास विंगेगार्ड, डेन्मार्कचा, किडकिडीत, लाजाळू, काही वर्षांपूर्वी सकाळी मासळीच्या कामावर जाऊन दुपारी सायकल चालवणारा. रोग्लिच तिसऱ्याच स्टेजला आपटला आणि आठवड्याभरात घरी गेला, आणि हा पोरगा मों व्हाँतूच्या चढावर पोगाचारला मागे टाकून गेला. उतारावर पकडला गेला, टूरमध्ये पाच मिनिटांनी दुसरा आला, पण टीमला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं.

13 जुलै 2022. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली सगळ्यात सुंदर स्टेज, आणि हे मत मी कुणाशीही वाद घालून टिकवायला तयार आहे. आल्बेरव्हील ते कोल दू ग्रानों, मध्ये तेलेग्राफ आणि गालिबिये. ग्रानों टूरमध्ये त्याआधी फक्त एकदाच आला होता, 1986 ला, आणि बर्नार्ड इनोच्या अंगावरची पिवळी जर्सी तिथे कायमची उतरली. पोगाचारकडे 39 सेकंदांची आघाडी होती. शेवटचा चढ अजून लांब, साठेक किलोमीटर बाकी, आणि जम्बोने सुरू केलं. रोग्लिच सुटला, पोगाचारने उठून त्याला पकडला. श्वास घेतोय तोवर विंगेगार्ड सुटला, त्यालाही पकडला. परत रोग्लिच. परत विंगेगार्ड. गालिबियेवर हे असं चालूच, आणि पोगाचार प्रत्येकाच्या मागे स्वतःच जातोय, कारण जायला दुसरं कुणीच नाही, वर कॅमेऱ्याकडे बघून हसतोय पण. वाटलं हा नेहमीसारखा सगळ्यांना पुरून उरणार. रोग्लिच ह्या सगळ्यात संपला, त्या दिवशी तो दहा मिनिटांहून जास्त मागे आला, आधीच पावेच्या, म्हणजे दगडी रस्त्याच्या स्टेजला खांदा निखळलेला, तो त्याने स्वतःच जागेवर बसवला होता. आणि मग ग्रानोंवर, जेमतेम पाच किलोमीटर राहिले असताना, विंगेगार्ड परत एकदा उठला आणि ह्या वेळी पोगाचार हललाच नाही. जर्सीची चेन उघडी, डोकं डुलतंय, एकामागोमाग एक लोक त्याला ओलांडून जातायत. 2 मिनिटं 51 सेकंद गेले. मी जेवणाचं ताट हातात घेऊन उभा होतो आणि आमटी गार झाली होती एवढं आठवतंय.

आठवड्याभराने ओटाकामच्या घाटावर उरलेलं काम व्हान आर्टने केलं. हा माणूस स्प्रिंट मारणारा, चिखलातल्या सायक्लोक्रॉसचा वर्ल्ड चॅम्पियन, असल्यांचं शेवटच्या चढावर सहसा काही काम नसतं. सकाळपासून ब्रेकअवेमध्ये, म्हणजे मुख्य घोळक्यातून पुढे निघालेल्यांत असलेला हा शेवटच्या चढावर विंगेगार्डपुढे आला आणि असा काही खेचला की पोगाचार मागे पडला. हिरवी, म्हणजे पॉइंट्सची जर्सी घातलेल्याने पिवळ्या जर्सीसाठी घाट ओढायचा, असलं काही आधी पाहिलं नव्हतं. त्या टूरला जम्बोने सहा स्टेज, पिवळी, हिरवी आणि घाटांसाठीची ठिपक्यांची अशा तिन्ही जर्सी नेल्या.

अशा टीमला मग हाव सुटणारच. 2023 ला तिन्ही मोठ्या रेस. मे महिन्यात जिरो, मोंते लुस्सारीवरची टाइम ट्रायल, रोग्लिच 26 सेकंदांनी मागे, निम्म्या चढावर त्याच्या सायकलची चेन पडली. परत तेच, परत टाइम ट्रायल, परत शेवटच्या आदला दिवस! पण ह्या वेळी त्याने उतरून शांतपणे हाताने चेन बसवली, आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ज्या माणसाने धावत त्याला ढकलून दिलं तो त्याचा स्की जंपिंगमधला जुना टीममेट निघाला. जिरो 14 सेकंदांनी जिंकला. जुलैमध्ये विंगेगार्डने पोगाचारला साडेसात मिनिटांनी हरवलं, ह्यात मला फार मजा आली नाही, जेवढी फाडाफाडी झाली तेवढी. ह्याच टूरमध्ये प्लुगे म्हणाले की आमच्या हॉटेलात उतरलेल्या एका फ्रेंच टीमचे रायडर विश्रांतीच्या दिवशी मोठ्ठे बिअरचे ग्लास घेऊन बसले होते, आणि आमच्याकडे बघा, प्रत्येक घास ग्रॅममध्ये मोजून, सुपरमार्केटच्या ॲपवर नोंद करून खातात. बोलणं खरंच असेल पण असं बोलू नये माणसाने, फ्रेंच लोक चिडले ते योग्यच केलं.

आणि मग सप्टेंबरची वुएल्टा. रोग्लिच आणि विंगेगार्ड दोघेही लीडर म्हणून आले, सोबत सेप कुस. अमेरिकेत कोलोराडोतल्या दुरँगो गावचा, हसरा, घाटातला त्यांचा सगळ्यात भरवशाचा डोमेस्टिक. रोग्लिचच्या जिरोत राबला, विंगेगार्डच्या टूरमध्ये राबला, आता तिसरी ग्रँड टूर, म्हणजे तीन मोठ्यांपैकी तिसरी रेस, एकाच वर्षात. सहाव्या स्टेजला तो ब्रेकअवेमध्ये गेला, स्टेज जिंकला, भरपूर वेळ कमावला आणि दोन दिवसांनी लाल जर्सी, वुएल्टातली पिवळी, त्याच्या अंगावर. सगळ्यांना वाटलं, चला, गंमत म्हणून घालू दे दोन-चार दिवस. पण तो खाली उतरेना. टाइम ट्रायलमध्ये टिकला, तूर्मालेच्या घाटात टिकला. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पहिला कुस, मागे रोग्लिच आणि विंगेगार्ड, पहिले तिघे एकाच टीमचे आणि चौथा फार लांब.

इथे टीमला हरवायला बाहेरचं कुणी उरलेलंच नव्हतं. आणि 13 सप्टेंबरला आंग्लिरू. हा घाट नाही, भिंत आहे, साडेबारा किलोमीटर आणि मध्ये एके ठिकाणी 23 टक्क्यांहून जास्त चढ, धुकं, माणसं चालण्याच्या स्पीडने. वरच्या भागात रोग्लिचने स्पीड वाढवला, विंगेगार्ड त्याच्या मागे, आणि कुस मागे पडला. दोघांना रेडिओवर नक्कीच कळलं असेल. ते थांबले नाहीत. मिकेल लांदा, दुसऱ्याच टीमचा बास्क माणूस, त्याच्या चाकामागे लागून कुस वर आला आणि लाल जर्सी आठ सेकंदांनी वाचली. आयुष्यभर पंगतीत वाढणारा माणूस एकदा स्वतः पानावर बसला आणि घरचेच म्हणाले, जरा सरक.

मी त्या रात्री खूप चिडलो होतो, पण आता इतक्या दिवसांनी विचार केला तर रोग्लिचची बाजूही नाही म्हणता येत नाही. तो रेस जिंकायला आलाय, त्याला टीमने लीडर म्हणून आणलंय, समोर अशी भिंत आहे जी त्याच्यासारख्यासाठीच बनलीय, मग त्याने का थांबायचं? 2020 ला ह्याच टीमने एकट्याच्या मागे सगळे पाय लावले आणि हरली. त्यातून शिकून तिने अशी टीम बांधली की जिच्यात जिंकू शकणारे तीन आहेत. मग तिघांनीही जिंकावंसं वाटून घेतलं तर दोष कुणाला द्यायचा? पण मनातून, पोटातून, मला ते आवडलं नाही, आणि मला वाटतं टीममधल्याही बऱ्याच जणांना आवडलं नसावं, कारण दुसऱ्या दिवसापासून चित्र बदललं. ठरलं की कुस जिंकणार. लिनारेसच्या चढाच्या शेवटी कुसला नऊ सेकंद जास्त मिळाले, पुढच्या डोंगराळ स्टेजला तिघे गळ्यात गळे घालून रेषा ओलांडून गेले, आणि माद्रिदमध्ये कुस 17 सेकंदांनी जिंकला. तिन्ही ग्रँड टूर एका वर्षात एकाच टीमने, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं.

त्याच वर्षी जम्बोने सांगितलं की आम्ही स्पॉन्सरशिप सोडतोय. म्हणजे बघा, जेवढं जिंकता येतं तेवढं सगळं जिंकलं आणि सुपरमार्केट निघून गेलं. मध्ये दुसऱ्या एका टीममध्ये विलीन होण्याच्याही गोष्टी चालल्या, त्या बारगळल्या, आणि 2024 ला नाव झालं विस्मा-लीज अ बाइक. रोग्लिच जर्मन टीमकडे गेला, त्याला परत एकट्याने लीडर व्हायचं होतं, समजण्यासारखं आहे. एप्रिलमध्ये बास्क प्रदेशातल्या रेसमध्ये विंगेगार्ड भयानक आपटला, बरगड्या, गळ्याचं हाड, फुप्फुस, सगळं. तरी जुलैमध्ये आला आणि दुसरा आला. पोगाचारने त्या वर्षी जिरो आणि टूर दोन्ही जिंकले.

2025 ला टीमने ग्रानोंवालाच प्लॅन परत काढला, माणसं पुढे पाठवा, लांबून अटॅक करा, रोज दमवा. पोगाचार दमला नाही. उलट त्याच ओटाकामवर त्याने विंगेगार्डला 2 मिनिटं 10 सेकंद मागे टाकलं. पाच वर्षांत तो पोरगा मोठा झाला, टीम मोठी झाली, आणि त्याच्यामागे एका अमिरातीचा पैसा आहे, म्हणजे आता त्याच्याकडेही राबायला सात तगडे आहेत. हे गणित परत सोडवायला नवीन काहीतरी लागेल आणि ते काय असेल ते मला तरी दिसत नाही.

पण त्या वर्षाच्या जिरोत फिनेस्त्रेच्या घाटावर जे झालं ते मी अजून अधूनमधून लावून बघतो. ह्याच टीमचा सायमन येट्स, ज्याची गुलाबी जर्सी 2018 ला ह्याच कच्च्या रस्त्यावर गेली होती, तो एकटा सुटला आणि मागचे दोघे, देल तोरो आणि काराप्पास, एकमेकांकडे बघत बसले, तू ओढ, नाही तू ओढ. आणि वर पलीकडे उतारानंतर व्हान आर्ट त्याची वाट बघत होता. सकाळीच ब्रेकअवेमध्ये पाठवून ठेवलेला. मग सपाटीवर त्याने येट्सला असा खेचून नेला की रेस तिथेच संपली. येट्स जिंकला, व्हान आर्टला त्याबद्दल कुठली जर्सी मिळाली नाही.

सप्टेंबरमध्ये विंगेगार्डने वुएल्टा जिंकली. बोला देल मुंदोच्या शेवटच्या घाटात तो पहिला आणि त्याच्या मागोमाग कुस दुसरा, टोटलमध्ये सातवा. दुसऱ्या दिवशी माद्रिदमध्ये आंदोलनामुळे स्टेजच रद्द झाली, तेव्हा हॉटेलच्या पार्किंगमध्ये बर्फाचे डबे उलटे-सुलटे मांडून त्यावर पोडियम केला. 2025 संपताना विंगेगार्डच्या खात्यात टूर होती, वुएल्टा होती, जिरो तेवढा राहिला होता, आणि तेव्हा मला विचारलं असतं तर पुढची टूर जिंकण्यापेक्षा त्याने तो आधी आणावा असंच म्हटलं असतं, स्पॉन्सर काय म्हणतील ते म्हणोत, मे महिन्यात निदान आमच्या घरी टीव्हीवरून भांडण होत नाही, सगळे आंब्यात असतात.